एक्कावन्नशे एक

“शून्य नको! इंजिनेर, शंभर वेळा सांगितलं तुला, शून्यावर काही सुरू करायचं नाही!”

शेठ इतक्या जोरात ओरडले की खालच्या गोदामातल्या मिरचीच्या पोत्यांवर बसलेली कबुतरं एकदम उडाली, आणि त्यांच्या पंखांनी उठलेला तिखट धुरळा जिन्यातून वर आला. मग सगळेच शिंकले. मी शिंकलो, शेठ शिंकले, पुण्याहून आलेल्या निरीक्षक मॅडम रुमालात शिंकल्या. कोपऱ्यातला सर्व्हरसुद्धा एकदा शिंकला, हवं तर गळ्याची शपथ घेतो.

माझ्यासमोरच्या पडद्यावर लिहिलं होतं की प्रॉक्सी ८०८० या पोर्टवर सुरू झाली आहे. सकाळी साडेआठपासून जी बया जागची हलत नव्हती, ती ८०८० म्हटल्याबरोबर उठून उभी राहिली होती. मला नाचावंसं वाटत होतं. पण शेठना फक्त शेवटचं शून्य दिसत होतं.

“शेठ, ही नुसती चाचणी आहे. बघतोय, कुठल्या आकड्यावर उठते.”

“चाचणीलाही शून्य नको.”

मॅडमनी हातातला तक्ता खाली केला. “वाद कशासाठी चाललाय? फॉर्मवर एक्कावन्नशे एक आहे. पुण्याच्या यंत्रणेत एक्कावन्नशे एक नोंदलंय. तुमच्या साठही संगणकांत एक्कावन्नशे एक भरलंय, आणि ते कुलूपबंद आहेत. आकडा आता बदलत नाही. पावणेअकरापर्यंत तोच पोर्ट चालू दिसला नाही तर मी केंद्र रद्द करणार. नऊ चाळीस झालेत.”

आवाज न चढवता बोलल्या. शेठचं ओरडणं परवडलं.

हे सगळं चाललं होतं नंदुरबारच्या बाहेर, शेठच्या मिरची गोदामाच्या वरच्या मजल्यावर. समोर पथारी, म्हणजे मिरची वाळवायचं मैदान. त्या दिवसांत ते असं लालभडक असतं की विमानातून पाहणाऱ्याला वाटावं, पृथ्वी इथे खरचटली आहे. या मजल्यावर शेठनी साठ संगणकांचं परीक्षा केंद्र काढलं आणि त्या दिवशी त्याची पहिली परीक्षा होती. नर्सिंगच्या प्रवेशाची. साठ संगणकांना पुण्याहून येणारा पेपर मिळायचा तो एकाच दारातून. ते दार उघडून धरणारा प्रोग्रॅम म्हणजे प्रॉक्सी, तो ज्या लिनक्स मशीनवर चालतो तो सर्व्हर, आणि दारावरचा नंबर म्हणजे पोर्ट. नंबर बरोबर आणि दार उघडं, तर परीक्षा. नाहीतर साठ उमेदवार मिरच्या बघून घरी.

आता हा एक्कावन्नशे एक आला कुठून? शेठचं घराणं राजस्थानातून येऊन चार पिढ्या झाल्या. या मातीत पार मुरलेत, भांडतात आहिराणीत आणि हिशेब घालतात मारवाडीत. पण एकाचा मान त्यांनी सोडला नाही. आहेर एक्कावन्न, देणगी एकशे एक, गाडीच्या नंबराच्या शेवटी एक. शून्य म्हणजे संपलं, एक म्हणजे पुढे चालू. केंद्राचा जिना बांधून झाला तेव्हा पायऱ्या भरल्या वीस. शेठनी गवंड्याला दुसऱ्या गावाहून परत बोलावलं आणि वर एकविसावी पायरी घालायला लावली. तिला जागाच नव्हती, म्हणून ती चार बोटं उंचीची झाली. नवखा माणूस तिच्यावर हमखास ठेचकाळतो. निरीक्षक मॅडम केंद्रात शिरल्या त्याच मुळी पळत, दोन्ही हात पुढे करून.

तर केंद्राचा फॉर्म आला आणि त्यात एक रकाना होता, ‘पोर्ट क्रमांक’. शेठनी मला विचारलं, काय टाकू? मी तेव्हा त्यांच्याच पेढीवर बसून शेव खात होतो. तोंडात शेव असताना माणसाने तंत्रज्ञानावर बोलू नये. मी म्हणालो, “शेठ, लिनक्सला पासष्ट हजार दारं असतात. तुम्ही कुठलाही आकडा टाका, मी चालवून दाखवतो.”

शेठनी पेनाला कुंकू लावून ५१०१ लिहिलं. आदल्या दिवशी मी तो चालवूनही दाखवला होता. साठच्या साठ संगणकांवर हिरवा दिवा. शेठनी पेढे वाटले. संध्याकाळी लाइट गेली, सर्व्हर बंद पडला. सकाळी सुरू केला, तर प्रॉक्सी मेलेली.

एवढंच असतं तर माझं फार तर नाक कापलं गेलं असतं, आणि माझं नाक इतक्या वेळा कापलं गेलंय की त्याला सवय आहे. पण सकाळी सातला मी आलो तेव्हा जिन्याच्या खालच्या पायरीवर एक मुलगी बसली होती. मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत प्रवेशपत्र, त्यावर दोन्ही हात. धडगावच्या वरच्या पाड्यातली. आदल्या दिवशी डोंगर उतरून म्हसावदला मावशीकडे मुक्काम, आणि पहाटेच्या पहिल्या गाडीने इथे. माझ्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग बघून ती उठून उभी राहिली.

“सर, आज परीक्षा होईल ना?”

शाळेत शिकलेली मराठी, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखा.

मी म्हणालो, “न व्हायला काय झालं?”

“गेल्या वेळी तिकडच्या केंद्रात संगणक बंद पडले होते. नवी तारीख पत्राने कळवू म्हणाले. पत्र आलं तेव्हा तारीख होऊन गेली होती. आता वयात एवढीच बसते. पुढच्या वेळी नाही बसणार.”

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बघू, होईल बहुतेक. मी छाती फुगवून सांगितलं, “तापीचा पूर उलटा वाहील, पण माझा सर्व्हर बंद पडणार नाही.”

ती खाली बसली. विश्वास ठेवून बसली, तेच वाईट झालं.

आता नऊ पंचेचाळीसला तापी मुकाट सुलट वाहत होती आणि माझ्या शर्टाला पाठीवर घामाचा नकाशा उठला होता. खिडकीतून खाली पत्र्याच्या शेडमध्ये बसलेले उमेदवार दिसत होते. ती पहिल्या रांगेत होती आणि वर बघत होती.

मी नेटाने सुरुवात केली. एक्कावन्नशे एकवर दुसरा कोणी प्रोग्रॅम बसलाय का? पाहिलं. कोणी नाही, दार मोकळं. आणि कोणी बसला असता तर मशीनने तसं सांगितलं असतं, ‘जागा आधीच घेतलेली आहे’ म्हणून. इथली तक्रार वेगळी होती. प्रॉक्सी सुरू करायला गेलं की एकच ओळ यायची: परवानगी नाही. फायरवॉल पाहिली. ती बाहेरून येणाऱ्याला अडवते, घरातल्याला दारात उभं राहायला ती कशाला अडवेल? सेटिंगची फाइल वरून खाली वाचली, खालून वर वाचली. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नव्हता. परत ८०८० टाकून पाहिलं, पडद्यासमोर छाती आडवी धरून, शेठना दिसू नये म्हणून. चालू. ३१२८ टाकलं. चालू. ५१०१ टाकलं. परवानगी नाही.

“कोणाची परवानगी?” शेठनी मागून वाचलं. “ह्या मशीनचा मालक कोण?”

“मीच. रूट म्हणून आत शिरलोय. रूट म्हणजे मालकाचाही बाप. त्याच्या वर कोणी नसतं.”

“मग दे की परवानगी!”

“दिली शेठ. घेत नाही.”

शेठनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते ओल्या मिरचीच्या पोत्याकडे बघतात.

दहा वाजले. उमेदवारांची झडती घेऊन त्यांना वर सोडायला सुरुवात झाली. एकेक जण एकविसाव्या पायरीवर ठेचकाळून आत येत होता आणि आपापल्या संगणकासमोर बसत होता. साठ लाल दिवे. काचेच्या भिंतीपलीकडून साठ जण माझ्या पाठीकडे बघत होते. माझी पाठ तशी रुंद आहे, पण साठ जणांना पुरेल इतकी नाही.

मग आठवलं. काल मी प्रॉक्सी हाताने चालवली होती. स्वतः रूट होऊन, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून. आज ती मशीनबरोबर आपोआप सुरू व्हायला बघत होती. मी हाताने आज्ञा दिली.

प्रॉक्सी उठली! ५१०१ वर! साठ दिवे हिरवे!

शेठनी मला मिठी मारली. त्यांच्या अंगाला हिंग, चंदन आणि ब्याडगी मिरची असा तिहेरी वास येतो, त्यामुळे मी आनंदात असूनही तीन वेळा शिंकलो. काचेपलीकडून ती मुलगी पहिल्यांदा हसली, म्हणजे ओठ जरा हलले.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “आता मशीन बंद करून पुन्हा चालू करा आणि हात मागे बांधून उभे राहा. तक्त्यातला सोळावा मुद्दा. मध्येच लाइट गेली तर सर्व्हर कोणाच्याही हाताशिवाय उठला पाहिजे.”

“मॅडम, आत्ता चालतंय तर...”

“पेपर चालू असताना या खोलीला सील असतं. तुम्ही आत नसणार. मग हात कोणाचा?”

मी मशीन बंद केलं, चालू केलं, हात मागे बांधले. साठ दिवे लाल. दहा वाजून सोळा मिनिटं.

आता एक कबुली द्यायला हवी. लिनक्समध्ये एक चौकीदार असतो. कुठल्या प्रोग्रॅमने काय करावं आणि काय करू नये, यावर तो नजर ठेवतो. आजवर मी जिथे जिथे सर्व्हर बसवले, जिनिंग, पतसंस्था, दवाखाने, तिथे पहिलं काम काय केलं असेल तर या चौकीदाराला कायमचा रजेवर पाठवला. एका ओळीचं काम आहे. किचकिच संपते. पण हे मशीन परीक्षा कंपनीकडून आलं होतं, त्यात चौकीदार जागा होता, आणि मला त्याच्याशी बोलायची सवय नव्हती. त्याचा स्वभावच माहीत नव्हता. पंधरा वर्षं ज्याला नमस्कार केला नाही, त्याच्याकडे ऐनवेळी काम पडलं होतं.

मी हळूच ती एक ओळ टाइप करायला घेतली.

“ती ओळ मी ओळखते,” मॅडम मागून म्हणाल्या. “सतरावा मुद्दा. सुरक्षा चालू हवी. ती बंद केलीत तर पावणेअकराची वाटही बघणार नाही.”

मी अक्षरं एकेक करून पुसली. मॅडमनी फाइलमधून एक न भरलेला कागद काढला. वर छापलं होतं: केंद्र रद्द केल्याचा अहवाल. त्यांनी केंद्राचा क्रमांक भरला. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं, मोत्यासारखं, आणि मला आयुष्यात एवढं भीतिदायक अक्षर दुसरं दिसलेलं नाही. काचेपलीकडे त्या मुलीने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते, प्रवेशपत्राच्या दोन बाजूंना, जसं सकाळी मांडीवर. तिला तो कागद दिसत होता. असला कागद तिने आधी एकदा पाहिला होता, त्यामुळे तिला वाचायची गरज नव्हती.

तेवढ्यात खाली गलका झाला. आकड्याला दृष्ट लागली या निष्कर्षावर येऊन शेठनी परस्पर महाराजांना बोलावणं धाडलं होतं, आणि महाराज ताम्हन, लिंबं, अगरबत्ती घेऊन फाटकात उभे होते. फाटकावरच्या आबांनी, म्हणजे शेठच्या जुन्या वॉचमननी, काठी आडवी धरली होती.

शेठ गच्चीच्या कठड्यावर ओणवे झाले. “आबा! सोडा त्यांना वर! मी सांगतोय!”

“यादीमा नाव नही शे, शेठ,” आबा खालून म्हणाले. सकाळी मॅडमनी त्यांच्या हातात उमेदवारांची यादी दिली होती. “बाईसनी सांगेल शे, यादीमा नाव नही त्याले मझार सोडानं नही.”

“अहो, मालक कोण इथला? गोदाम माझं, फाटक माझं, तुमच्या हातातली काठीसुद्धा माझी!”

“तुम्ही मालक शेतस, ते माले मान्य शे. काठी बी तुमनीच शे. पन यादीमा महाराजनं नाव नही.”

“मग मी खाली येऊन हाताला धरून आत घेतो!”

“तुम्ही हात धरीसन लई जा, मी काय म्हनू? पन एकला आना तं मी सोडाव नही.”

आता इथे मी सांगू शकतो की माझ्या डोक्यात वीज चमकली. लोकांना मी आजवर असंच सांगत आलोय. खरं म्हणजे चौकीदार रोजची डायरी लिहितो, तिच्यातली नकाराची ओळ मी दहा मिनिटांपूर्वीच वाचली होती आणि घाबरून पुढे सरकलो होतो. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की या प्रोग्रॅमने ५१०१ च्या दारात उभं राहायला मागितलं, नाकारलं. पण ‘हात धरून लई जा’ हे ऐकलं आणि मी परत मागे जाऊन ती ओळ शांतपणे वाचली. काल मी प्रॉक्सी हात धरून नेली, म्हणून गेली. आज एकटी आली, तर यादी पाहिली गेली. चौकीदाराकडे प्रॉक्सीसारख्यांसाठी दारांची यादी होती, त्यात ८०८० होता, ३१२८ होता, जगभर चालणारे नेहमीचे आकडे होते. नंदुरबारच्या शेठचा शुभ आकडा त्यात कोण घालणार? मी मालक होतो हे त्याला मान्यच होतं. प्रश्न यादीचा होता.

“नाव घालायला पाहिजे,” मी ओरडलो. “रजेवर नाही पाठवायचा, यादीत नाव घालायचं!”

“महाराजांचं?” शेठ आशेने म्हणाले.

यादीत नाव घालायची आज्ञा असते हे मला माहीत होतं. ती कशी लिहायची, ते येत नव्हतं. फोन मॅडमच्या ट्रेमध्ये जमा. इंटरनेट तर ज्या दारातून यायचं तेच बंद. पण लिनक्सच्या पोटातच त्याचं पुस्तक असतं. पंधरा वर्षांत मी ते उघडलं नव्हतं. उघडलं. दहा एकोणतीस. इंग्रजी असं की जणू कोर्टाचा निकाल. एका हाताने नाक दाबून, दुसऱ्याने पानं पुढे सरकवत वाचलं. अगदी तळाशी एक उदाहरण होतं. त्यातला आकडा काढून ५१०१ घातला. प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हटलं, कारण चुकलो तर मॅडमचा कागद पुरा व्हायला वेळ लागणार नव्हता.

एंटर दाबलं.

काहीच झालं नाही. चूक नाही, शाबासकी नाही. कर्सर नुसता लुकलुकत होता. दहा सेकंद. वीस. शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या अंगठ्या माझ्या हाडात रुतल्या. मला तो वेळ दोन पावसाळ्यांएवढा वाटला. मॅडम कागदावर लिहीत होत्या, पेनाचा आवाज येत होता.

मग कर्सर खाली एका नव्या ओळीवर गेला. मुकाट. आबांसारखाच.

“मॅडम, मशीन बंद करून चालू करतोय. हात मागे बांधतो.”

दहा पस्तीस. मशीन बंद. मशीन चालू. पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या. मी हात मागे बांधले, शेठनीही बांधले, खिडकीतून खाली पाहिलं तर महाराजांनीही ताम्हन जमिनीवर ठेवून हात मागे बांधले होते. खोलीत कोणी शिंकत नव्हतं. दहा अडतीस. ओळी थांबल्या. काचेपलीकडे लाल, लाल, लाल. मी डोळे मिटले. मी फारसा देवभोळा नाही, पण त्या क्षणी सातपुड्यातला एकही देव मी सोडला नाही.

“पहिला हिरवा,” मॅडम म्हणाल्या.

डोळे उघडले तेव्हा मागची रांग हिरवी होत होती, मग मधली. सगळ्यात शेवटी पहिल्या रांगेतला त्या मुलीचा दिवा. तो तेवढा लाल राहिला आणि राहिला आणि राहिला. मग हिरवा झाला.

मॅडमनी एकेक संगणक तपासला, तक्त्यावर सोळा आणि सतराला खूण केली आणि तो अर्धा भरलेला कागद उभा फाडला. दहा त्रेचाळीस. “वेळेत आहे,” म्हणाल्या. त्यांच्याकडून याहून जास्त मिळणार नव्हतं. शेठ कठड्यावर जाऊन ओरडले, “आकड्यात काही खोट नव्हती! मी म्हटलं होतं!” आणि महाराजांना खालूनच परत पाठवलं. लिंबं तेवढी ठेवून घेतली, सरबताला.

खोलीला सील लागलं. दोन तास मी खाली आबांशेजारी बसून राहिलो. लाइट जाईल का, या एकाच धास्तीत मी शेडच्या बल्बकडे इतका वेळ टक लावून पाहिलं की मला दोन दिवस सगळीकडे बल्बच दिसत होते. आबांना मी दोनदा चहा पाजला. कशाबद्दल, ते त्यांनी विचारलं नाही.

एक वाजता पेपर सुटला. ती मुलगी सगळ्यांत आधी खाली आली, एकविसाव्या पायरीवर न ठेचकाळता. मी फाटकाजवळ आडवाच उभा राहिलो.

“कसा गेला?”

“नव्वद सोडवले. दहा सोडून दिले.”

“चुकीचे किती?”

“ते त्यांना कळेल.”

आणि मग मी सुरू झालो. सगळं सांगितलं. पासष्ट हजार दारं, मालकाचा बाप, यादी, इंग्रजी पुस्तक, लुकलुकणारा कर्सर. सांगता सांगता वीस सेकंदांची वीस मिनिटं झाली आणि मॅडमच्या हातातल्या कागदावर सही होऊन शिक्काही बसला होता, तो मी हवेतच अडवला. तापीचा पूर पुन्हा एकदा उलटा वाहवला. शेवटी म्हणालो, “आज मी इथे नसतो ना, तर तुझा पेपर झाला नसता.”

तिने प्रवेशपत्राची घडी घातली, पिशवीत ठेवली, पिशवीला गाठ मारली.

“सर, दीडची शहाद्याची गाडी आहे. स्टँड डाव्या हाताला ना?”